रेषेवर कापलेली बाराबंदी

माझी सारी नोकरी न्यायालयाच्या नक्कल विभागात गेली. मूळ कागदात चूक असेल तर ती चूकही जशीच्या तशी उतरवायची, हा आमचा नियम. निवृत्तीनंतर तो स्वभाव अर्जांकडे वळला. दिवसाआड येणारे पाणी, गल्लीतला उघडा खड्डा, न विचारता खात्यातून वळता झालेला विम्याचा हप्ता: कशावरही मी मुद्द्यांना क्रमांक घालून पत्र लिहितो आणि पोच मागतो. गल्लीतले लोक याला राग म्हणतात. मी घाबरलो की लिहितो, हे फक्त माझ्या पत्नीला ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाची झडप बदलायचे ठरले. रुग्णालयाचे संमतीपत्र मी घरी आणून तीनदा वाचले. चौथ्या कलमात, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांच्या मागे स्वल्पविराम देऊन, 'मृत्यू' हा शब्द बसवला होता. त्याला स्वतंत्र ओळसुद्धा नव्हती. मी संतापून अधीक्षकांना अकरा मुद्द्यांचे पत्र लिहिले: छाती कोण उघडणार, हाड कशाने कापणार, त्या वेळी मी कोठे थांबायचे. उत्तर आले नाही. शस्त्रक्रिया सोमवारी होती आणि माझी सही राहिली होती.

शुक्रवारी दुपारी तिने मला हाक मारली. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या ती वर्षानुवर्षे शिवत आली आहे. बिनबटणांचा, बंदांनी बांधायचा तो जुन्या काळचा अंगरखा. त्या वर्षी एकच राहिली होती, मंद्रूपला शेती करणाऱ्या तिच्या धाकट्या भावाची. पण चार पावले टाकली तरी तिला धाप लागे.

"तुमी कापा," ती म्हणाली.

"मी? मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"कागद हाय की. कागदावरचं तर तुमाला सगळं कळतंय."

तिचे वडील बाजाराच्या दिवशी मंद्रूपला मशीन मांडून बसत. त्यांनी खाकी कागदावर कापून ठेवलेले नमुने ट्रंकेत होते: पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कळ्या. मी ते कापडावर मांडले, खडूने आखले, कात्री उघडून पाते रेषेवर ठेवले. हात पुढे जाईना. कापड फार पांढरे होते, आणि सोमवार तीन दिवसांवर होता.

"कापडाला दुखत न्हाय," ती पलंगावरून म्हणाली. "चालवा."

मी कापले. मध्येच तिचा डोळा लागला. मी दर वेळी कात्री थांबवून तिच्या पदराकडे पाही, तो हलला की पुढची रेष. ती जागी झाली तेव्हा सगळे तुकडे तयार होते. कागदाशी ताडून पाहिले, तर केसाचाही फरक नव्हता. तिने एक तुकडा हातात घेतला.

"माया कुटं सोडली?"

शिवणीत जाणारे बोटभर जास्तीचे कापड, त्याला शिंपी माया म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

"कागदावर तशी नोंद नाही!"

"त्ये कुणी लिवतं व्हय?"

कैलासवासी सासऱ्यांवर मी तावातावाने बोललो: असा अपुरा दस्तऐवज मागे ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. ती हसू लागली. "नक्कल लई खरी झाली की! आता शिक्का मारा." हसता हसता तिला धाप लागली, ओठ निळसर झाले, आणि मी भांडण सोडून तिच्या पाठीशी उशी सरकवली.

तरीही तिने मला मशीनवर बसवून ती शिवून घेतली. कापड वाया घालवणे तिच्या स्वभावात नाही. रविवारी भाऊ आला. त्याचा एक हात बाहीत निम्मा गेला आणि अडकला.

"दाजी, ही माझ्या शेरडाला बसंल बगा!"

"गप रे," ती म्हणाली. "दवाखान्याच्या पिशवीत टाका. मला व्हईल."

सोमवारी सकाळी मी संमतीपत्रावर सही केली. इतकी वेडीवाकडी, की मी नक्कल विभागात असतो तर तो कागद परत पाठवला असता.

शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी, वॉर्डात, परिचारिकेने बजावले की आजींनी हात डोक्यावर न्यायचे नाहीत, छातीवर ताण नको, कपडा पुढून उघडणारा हवा. तिचे ब्लाउज निरुपयोगी ठरले. पिशवीच्या तळाशी बाराबंदी होती. बाह्या लांब झाल्या, त्या दुमडल्या. बाकी अंगाला बेताची बसली.

"आतले बंद आदी," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

बारा बंदांच्या सहा गाठी. माझी बोटे पट्टीच्या कडेला लागत होती आणि पट्टीखाली काय आहे ते मला माहीत होते. प्रत्येक गाठ बांधून मी थांबे, छाती वर येते का पाही, मग पुढची घेई.

"घट्ट नगं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "भावाची फुडल्या वर्सी शिवू. तवा माया सोडा."

"ते मला लिहून दे," मी म्हणालो.