एक अक्षर पुढं

उत्तरेश्वर सरांसारखा हट्टी माणूस अख्ख्या कळंबात न्हाय. तीस वर्षं कॉलेजात कंप्युटरची सी लँग्वेज शिकवली, आणि आपला प्रोग्राम चुकला म्हणून कधी कबूल करतील तर शपथ! पण बायकोवर लई जीव, हेही सांगितलंच पाहिजे.

म्हाळसाबाईंना लकवा मारला. वाचा गेली, डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. सरांनी आठ दिवसांत प्रोग्राम लिहिला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांवरून एक चौकट सरकत जायची. हव्या अक्षरावर आली की बाईंनी बटण दाबायचं. असं एकेक अक्षर वेचून बाई मराठी बोलायच्या. "वरणात मीठ जास्त झालंय," हे त्यांचं पहिलं वाक्य. सर ते वर्षभर भेटेल त्याला सांगत होते.

सहा वर्षांनी तो जुना कंप्युटर जळाला. माझं दुरुस्तीचं दुकान, म्हणून मी दुसरा दिला, लिनक्स नावाच्या वेगळ्या सिस्टीमवर चालणारा. त्याच्यावर जुना प्रोग्राम चालंना. सरांनी चार दिवस खपून तो नव्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या दुभाष्यावर, चढवला. एकही एरर न्हाय. पण बाई लिहायच्या त्यातल्या एकाही शब्दाला अर्थ लागंना.

"सर, प्रोग्राम एकदा तपासा की," मी म्हणालो.

"सहा वर्षं चाललाय तो! तिचंच डोकं गेलं आता," म्हणाले, आणि ढसाढसा रडले. बाई समोरच होत्या. मग पाव्हणे यायला लागले. खाटेशेजारी बसून म्हणायचे, "सुटली तर बरं." सर मान हलवायचे. सून आरोही सासूला काही विचारायला गेली की म्हणायचे, "तिला काय कळतंय?" बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. आम्ही म्हणायचो, आजारानं डोळे गळतात. आग लागो आमच्या अकलेला!

सतराव्या दिवशी मी सहज ते बटण दाबून बघितलं. चौकट 'ए'वर होती, उमटलं 'बी'. तसाच प्रोग्राम उघडून सरांना ती ओळ दाखवली. सरांनी एकाच ओळीत दोन कामं लिहिली होती, अक्षर उचल आणि चौकट सरकव. आधी कुठलं, ते लिहिलंच नव्हतं. जुना कंपायलर आधी उचलायचा, नवा आधी सरकवायचा. बाई बरोबरच दाबत होत्या, उमटत होतं पुढचं अक्षर.

सरांनी त्या ओळीच्या दोन ओळी केल्या आणि बायकोचे पाय धरले. "चूक माझी होती गं. बोल काहीतरी. शिव्या दे मला."

चौकट तीनदा सगळीकडून फिरून आली. मग बाईंनी लिहिलं, "आरोही, पाणी दे."

तांब्या सरांच्या हाताशी होता.

पुढं तीन महिने बाई जगल्या. रोज लिहायच्या, पण सुनेलाच. दुपारी आरोही शाळेवर शिकवायला गेलेली असायची, घरात दोघंच. तरी पडद्यावर उमटायचं, "आरोही, ह्यांना जेवून घ्या म्हणावं." सर एकटेच तो निरोप वाचायचे, आणि उठून आपलं ताट वाढून घ्यायचे.