तंदूरमधली बॅटरी

आमच्या थोरल्या साडूंना 'हे करू नका' असं सांगणं म्हणजे त्यांना त्या कामाचा मुहूर्त काढून देणं. दिल्लीतल्या आम्हा मराठी मंडळींत हट्टी माणसांची वानवा नाही, पण साडूंच्या हट्टाला जी शिस्त आहे ती मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांनी उभी हयात फायलींवर 'असहमत' असा शेरा मारण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर फायली येणं बंद झालं तेव्हा तोच शेरा आयुष्यावर मारायला सुरुवात केली. दिवाळी झाली की सगळं गुरुग्राम स्वेटर चढवतं, तर हे 'थंडी मला वाजते, कॅलेंडरला नाही' म्हणत अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरायला निघतात. इतकी वर्षं दिल्लीच्या आसपास काढूनही भाजीवाल्याशी ते मराठीतच बोलतात. 'मेथीची जुडी दे रे' हे ऐकून ऐकून त्यांच्या सोसायटीच्या फाटकावरचा भाजीवाला आता इतरांनाही 'मॅडम, जुडी ले लो' म्हणतो, आणि पंजाबी बायका बिनतक्रार जुडी घेऊन घरी जातात.

साडू हे नातं बायकांमुळे जडतं. माझी मोठी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, गेली. पण आमचं साडूपण शाबूत राहिलं, उलट जरा घट्टच झालं. ते गुरुग्रामच्या एका उंच इमारतीत एकटे राहतात. मी करोल बागेतून दर रविवारी मेट्रोने त्यांच्याकडे जातो. जाण्याचं कारण विचाराल तर एक विमान. त्यांची एकुलती एक मुलगी लग्नानंतर पुण्याला असते. तिनेच वडिलांच्या निवृत्तीला हे रिमोटवर उडणारं विमान भेट दिलं होतं. नवशिक्यांसाठीचं, पांढऱ्या फोमचं, चुकलं तरी माफ करणारं. त्यात निकेलची जुनी, धोंड्यासारखी जड बॅटरी होती. विमान कसंबसं चढायचं, दोनचार गिरक्या घ्यायचं आणि दमून खाली यायचं. साडूंना ते तसंच आवडायचं. 'माझ्या वयाला शोभतं,' असं म्हणायचे.

मग त्यांच्या छातीत पेसमेकर बसला. सोसायटीच्या जिन्यात ते घेरी येऊन पडले होते. लिफ्ट असताना जिन्याने का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पथ्यं सांगायला आले, तेव्हा साडूंनी एकच प्रश्न विचारला, 'डॉक्टरसाहेब, इसमें बैटरी कौन सी है?' डॉक्टर म्हणाले, 'लिथियम, अंकल. सालों चलेगी.' पुढची पथ्यं मी ऐकली, साडूंनी ऐकली नाहीत. गाडीत बसल्या बसल्या ते म्हणाले, 'साडूभाऊ, माझ्या छातीत लिथियम आणि माझ्या विमानात तो निकेलचा धोंडा? हे बरं दिसत नाही.'

चालण्याफिरण्याची परवानगी मिळताच त्यांनी मला सुट्या भागांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने विमानाचा फोटो पाहिला आणि समजुतीने म्हणाला, 'अंकल, ये तो बिगिनर वाला है. इसमें लिपो मत डालो.' त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, त्याने मुहूर्त काढून दिला होता! साडूंनी लिथियम पॉलिमरची, म्हणजेच लिपो, चपटी, चंदेरी बॅटरी घेतली, तिचा वेगळा चार्जर घेतला, आणि बॅटरी फार उतरायला लागली की पंखा आपोआप थांबवणारा एक छोटा यंत्रतुकडाही घेतला. मोटर जळू नये म्हणून जुन्या बॅटरीइतक्याच जोराची निवडली. हट्टी माणूस बेसावध असतो असं कुणी समजू नये.

ही लिपो म्हणजे फार नाजूक मिजाशीची चीज. ती पार रिकामी होऊ द्यायची नाही, एकदा हद्दीखाली गेली की कायमची गेली. भरून फार दिवस ठेवायची नाही, रिकामीही ठेवायची नाही, अर्धीमुर्धी ठेवायची. फुगली तर टाकून द्यायची. चार्ज होताना तिच्या जवळून हलायचं नाही, कारण बिघडली तर ती पेट घेते. जन्मभर कुणाचं न ऐकलेल्या आमच्या साडूंनी या बॅटरीचं अक्षरन् अक्षर ऐकलं. स्वतःच्या गोळ्या विसरणारा हा माणूस बॅटरीच्या वेळा चुकवत नसे. मेहुणीने हौसेने आणलेला मातीचा छोटा तंदूर बाल्कनीत रिकामा पडून होता. साडूंनी त्याच्या तळाशी वाळू घातली आणि बॅटरी चार्ज करायची जागा तीच ठरवली. समोर खुर्ची टाकून, चार्जर शिट्टी घालेपर्यंत ते राखणीला बसायचे. डॉक्टरांनी दुपारची विश्रांती सांगितली होती, ती त्यांनी साफ धुडकावली होती. बॅटरीने ती मुकाट्याने घ्यायला लावली.

तंदूर पाहून सोसायटीचा सेक्रेटरी धावत आला. 'अंकल, बालकनी में तंदूर अलाउड नहीं है. आग लग जाएगी.'

'अरे भाई, आग न लगे इसीलिए तो तंदूर है,' साडू म्हणाले. सेक्रेटरी त्यावर बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि शेवटी चहा पिऊन गेला.

विमानतळाच्या आसपास विमान उडवायचं नाही, हा एक नियम मात्र ते मानत. म्हणून आम्ही गुरुग्रामबाहेर, सोहना गावाच्या पलीकडे, ओळखीच्या एका माणसाच्या पडीक शेतावर जायचो. विमान हातात धरून धावत जाऊन फेकायचं काम माझं. माझी ढेरी आणि धावण्याची ढब पाहून शेजारच्या शेतातल्या म्हशीसुद्धा मान वर करायच्या. नव्या बॅटरीने मी पहिल्यांदा विमान फेकलं, तेव्हा ते नाक वर करून सरळ उभंच चढलं, क्षणभर थबकलं आणि शेपटीवर बसावं तसं शेजारच्या मोहरीच्या शेतात कोसळलं. पंख मोडला. साडूंनी आगीबद्दल सगळं वाचलं होतं, वजनाबद्दल काहीच नाही. नवी बॅटरी जुनीच्या निम्म्या वजनाची, आणि यांनी ती बसवली होती नेमकी जुनीच्याच जागी. जुना साहेब गेला की नवा त्याच खुर्चीत बसतो, हे सरकारी शहाणपण हाडीमाशी मुरलेलं! नाकाकडचं वजन कमी झालं, म्हणून शेपटी जड झाली. 'खुर्ची पुढे न्यायला हवी,' एवढंच ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी फोम कोरला, बॅटरी थेट नाकात सरकवली, पंख चिकटवला. आणि ते विमान पुन्हा उडवून पाहण्याआधीच मुलगी पुण्याहून येऊन थडकली.

तिने बाल्कनीतला तंदूर पाहिला, त्यातली बॅटरी पाहिली, डबीतल्या न घेतलेल्या गोळ्या पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवले. 'बाबा, बस्स झालं यार! इथे एकटं राहायचं बिल्कुल नाही. फ्लॅट विकू आणि तुम्ही माझ्याकडे चला.'

'मी इथे मजेत आहे.'

'जिन्यात पडलात तेव्हा पण मजेत होतात?'

यावर साडू उठून उभे राहिले. 'तू दिलेलं हे विमान उद्या तुझ्यासमोर उडवतो. धडपणे उडून धडपणे उतरलं, तर मी इथेच राहणार, पुण्याचं नाव काढायचं नाही. पडलं तर बॅग भरतो.'

'पक्कं?'

'पक्कं.'

ते विमान मी कोसळताना पाहिलं होतं. माझी बायको आमच्यासोबत आली होती. दुसऱ्या दिवशी शेतावर तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, 'अहो, जरा वाकडंच फेका. जाऊ देत त्यांना लेकीकडे. सुखात राहतील.' बायकोचं मी ऐकलं नाही असे प्रसंग माझ्या संसारात फार थोडे. हा त्यातला एक. साडू रिमोट छातीपासून लांब, पोटाशी धरून उभे होते. पेसमेकरजवळ असली यंत्रं नकोत, हे मी कानावर घातलेलं डॉक्टरांचं तेवढं एक पथ्य त्या दिवशी ते पाळत होते. त्यांच्याकडे पाहिल्यावर माझ्याने वाकडं फेकवेना. का फेकायचं? माणसाने स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीने राहू नये की काय? मी जीव खाऊन धावलो आणि सरळ फेकलं.

विमान गेलं. अगदी शहाण्यासारखं, न डगमगता, उन्हात चढत गेलं. निकेलवर जिथे ते दमायचं त्याच्या कितीतरी पुढे गेलं, वळलं, पिवळ्या मोहरीवरून आमच्या डोक्यावर आलं, पुन्हा गेलं. साडू नुसते बोटांनी चालवत होते. मुलगी आधी हाताची घडी घालून उभी होती, मग तिचे हात सुटले आणि ती लहानपणी ओरडायची तशी 'बाबा, अजून वर!' म्हणून ओरडली. बॅटरी उतरायच्या आत त्यांनी विमान वळवलं आणि माझ्या पायांपासून हातभर अंतरावर गवतात अलगद टेकवलं. मी, कबूल करतो, डोळे पुसले. मुलीने विमान उचललं, त्याचा पंख पुसला आणि म्हणाली, 'ओके बाबा. तुम्ही जिंकलात. राहा इथेच.' पुण्याचा विषय त्यानंतर खरोखरच निघाला नाही. जाताना तिने गोळ्यांची डबी वारांप्रमाणे भरून ठेवली.

पुढच्या रविवारी मी गेलो, तेव्हा साडू बाल्कनीत तंदूरसमोर बसले होते. मी विजयाबद्दल दोन शब्द बोललो. ते तंदूरकडे पाहतच म्हणाले,

'साडूभाऊ, ती जरा लवकरच हो म्हणाली, नाही का?'

'पैज तुम्हीच लावली होती.'

'लावली होती. पण मला वाटलं होतं, ती अजून भांडेल.' मग म्हणाले, 'आईवर गेली आहे. तीही अशीच करायची. मी अडून बसलो की 'बरं' म्हणायची आणि आत निघून जायची. मला दर वेळी वाटायचं, मी जिंकलो.'

इतक्यात तंदूरशेजारच्या चार्जरने शिट्टी घातली. एरवी ते लगेच उठून बॅटरी काढतात. त्या दिवशी थोडा वेळ तसेच बसून राहिले.