दोनाच्या खांद्यावरचा सहा

निवा सर गेले तेव्हा चौसष्टचे होते आणि थडग्यावर त्यांचं वय कोरलं गेलं दोन. देवळाच्या पायरीशी माझं फुलांचं नि उदबत्त्यांचं दुकान आहे, त्यामुळे ही भानगड मी पहिल्यापासून पाहिली. तरी लोक मलाच खोटं पाडतात.

शिगेकोताई सरांची बायको. जन्मभर मुळ्याचं लोणचं घातलं, गणिताच्या वाटेला गेली नाही. सर मात्र शाळेत गणितच शिकवायचे. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिला म्हणाले, "चौसष्ट काय, कुणीही लिहील. माझ्या दगडावर दोनाचा सहावा घात कोरून घे." मोठा दोन आणि त्याच्या उजव्या खांद्यावर बारीक सहा, असं तिच्या तळहातावर बोटाने काढून दाखवलं. ती हो म्हणाली. कळलं काडीचंही नव्हतं.

तिने पाथरवट इवाकीला ते तसंच काढून दिलं. दगड उभा राहिला, तर त्यावर नुसता दोन.

"अरे इवाकी, सहा कुठाय?"

"ताई, आपल्या जपानीत अवघड अक्षराच्या उजवीकडे बारीक लिहितात तो त्याचा उच्चार. पोरांच्या पुस्तकात असतो तसा. थडग्यावर कोण उच्चार घालतं? दोन काय, सगळ्यांना वाचता येतो."

"दोनाचा उच्चार सहा कसा होईल?"

"मलाही जरा विचित्रच वाटलं. म्हटलं, मास्तर माणूस, असेल काहीतरी."

घात कोरायचा राहिला आणि घात झाला. येणारे-जाणारे वय वाचून कळवळायचे. कुणी लाल लाळेरं बांधलं, कुणी दुधाची बाटली ठेवली. भिंगऱ्या तर इतक्या लागल्या की वारा सुटला की नुसती भिरभिर. त्या माझ्याच दुकानातल्या, धंदा आहे बाई. नवीन आलेल्या भटजींनी तर लहान मुलांचे मंत्र म्हटले. शिगेकोताईने सरांचा मिशीवाला फोटो पुढे धरला, तेव्हा फोटो निरखून भटजी म्हणाले, "वयाच्या मानाने थोराड होता."

गेलेली माणसं घरी येतात तो ओबोनचा सण तोंडावर आला तशी ताई माझ्या दुकानात येऊन रडायला लागली.

"पहिल्यांदाच घरी यायचेत गं हे. चुकलेलं उत्तर त्यांना कधी सहन झालंय? दगडावर दोन बघतील नि तिथूनच माघारी फिरतील."

मला भरून आलं. मी इवाकीला बोलावून घेतलं आणि चांगला झापला. तो आपला एकच धोशा लावून बसला, "दगडावरचं खोडता येत नाही. नवा दगड लागेल."

"खोडायला कोण सांगतंय तुला?" ताई डोळे पुसत म्हणाली. "दोन बरोबरच आहे. त्याच्या खांद्यावर सहा तेवढा बसव."

आम्ही तिघं थडग्यापाशी गेलो आणि इवाकीने छिन्नी घेतली. बारीकसा सहा कोरून धूळ फुंकली आणि समाधानाने म्हणाला, "बे सक बारा. घ्या, बारा वर्षांचे झाले सर."

मी कपाळाला हात लावला. उद्यापासून इथे बेसबॉलचे चेंडू येणार.

"बारा नव्हे रे," ताई म्हणाली. गेला आठवडाभर ती लोणच्याच्या पिंपाच्या झाकणावर मीठ पसरून त्यात बोटाने आकडे काढत बसली होती, ते मी पाहिलं होतं. "दोनच सहा वेळा घ्यायचा आणि गुणत जायचं. दर वेळी दुप्पट." तिने दगडावर बोट ठेवलं. "दोन. चार, तेव्हा म्हणे कालव्यात पडले होते. आठ, वडील गेले. सोळा, शिकायला शहरात. बत्तीस, माझ्याशी लग्न." ती थांबली. "मग एकदाच दुप्पट. चौसष्ट."

इवाकीने टोपी काढली. त्याला गणित कळलं असेल असं मला वाटत नाही.

"म्हणजे अर्धं आयुष्य माझ्यापाशी होते," ताई म्हणाली. "आणि मला वाटत होतं, एवढ्यातच तर लग्न झालं."

मी नाक पुसलं आणि काहीतरी करायचं म्हणून भिंगऱ्या उपटायला लागले. सर चौसष्टचे झाले, आता ही खेळणी कशाला?

"राहू दे गं," ती म्हणाली. "दोन वर्षांचे असताना मला कुठे भेटले होते ते?"