मामाच्या हाताखाली शिकलेला माणूस

शिंप्याच्या दुकानात किस्से कातरणासारखे साठतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी टेबलाखाली पुन्हा ढीग! इथं कानडी मुलखात, राजाजीनगरात माझं दुकान चाळीस वर्षं आहे. मी चौथी नापास. लिहायची सवय नाही. पण गोविंदाचे किस्से सगळेच सांगतात आणि प्रत्येक जण त्यात आपलं शहाणपण घालतो. म्हणून म्हटलं, मीच लिहितो.

नव्वद सालानंतर गोविंदा माझ्याकडे कटिंगला आला. बेळगावकडचा, तिशी ओलांडलेला. आई-बाप लहानपणीच गेले, मामानं वाढवलं. मामा शिंपी. त्यानं कात्री शिकवली आणि लाकडी पट्टीनं रोज मारलं. पाठीवर, बोटांवर. कधी उपाशी कोंडलं. हे सगळं मला पुढे कळलं. आधी कळलं ते एवढंच, की गोविंदाला नुकतीच मुलगी झाली आहे आणि तो तिला हात लावत नाही.

त्याची बायको कमल दुकानात येऊन सांगून गेली. मी त्याला विचारलं. तो आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाला, "अण्णा, हे हात मामानं तयार केलेत. पोरीवर कधी उठतील, भरवसा नाही."

मी म्हटलं, "कॉलर कापून झाली काय?"

*

गोविंदाची एक खोड होती. मी दुकानात शिरलो की ताडकन उभा राहायचा. मी खोकलो तरी उभा! हात बांधून, मान खाली. मी म्हणायचो, "बस रे." तो बसायचा. मी शिंकलो की पुन्हा उभा.

एकदा एक गिऱ्हाईक हे बघत होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या रस्त्यावर झालं, म्हातारा कामगारांना मारतो! चाळीस वर्षांत मी कुणाला बोट लावलेलं नाही. फार राग आला.

पण खरं सांगतो, पुढचा महिनाभर एकाही गिऱ्हाइकानं 'शर्ट कधी मिळणार' म्हणून आवाज चढवला नाही. मी सांगेन तो दिवस, वर "सरी अण्णा, सरी अण्णा", म्हणजे बरं अण्णा!

*

दुसरी खोड, "चुकलं माझं". सुई मोडली, चुकलं माझं. करंट गेला, चुकलं माझं. बाहेर कुणाची सायकल पडली तरी आतून गोविंदा, "चुकलं माझं!"

आमचा इस्त्रीवाला नारायणप्पा कन्नडिगा, पण त्याचं मराठी माझ्यापेक्षा तिखट. एकदा रेडिओवर मॅच चालली होती. आपण हरलो. गोविंदा सवयीनं म्हणाला, "चुकलं माझं."

नारायणप्पानं इस्त्री उभी केली. "तरीच म्हटलं, शेवटची ओव्हर कुणी टाकली!"

गोविंदा हसला. दुकानात येऊन सात महिने झाले होते. तो हसतो हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

*

आता खरी चूक. लग्नाचा कोट होता, भारी कापड. गोविंदानं दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. आमच्या धंद्यात हे होतं. कापड घडी करताना एक बाजू उलटी घ्यायची राहते, झालं. पण गोविंदाला घाम फुटला. आणि मी जेवून आलो तर गोविंदा गायब!

चप्पल दारात, माणूस नाही. हातशिलाई करणाऱ्या शांताक्कानं मला डोळ्यानं खूण केली. कटिंगच्या टेबलाखाली, कातरणाच्या ढिगात, तिशी ओलांडलेला बाप्या गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

काय करणार? मीही वाकून टेबलाखाली गेलो. बसलो शेजारी.

"मी एकदा एका इन्स्पेक्टरच्या पँटीला दोन्ही खिसे एकाच बाजूला लावले होते," मी म्हणालो.

त्यानं गुडघ्यांतून डोकं वर काढलं. मग बारीक आवाजात, "मग?"

"मग काय? अजून माझ्याकडेच शिवतो."

"मारलं नाही?"

"कोण कुणाला मारणार? कापड आणलं, पुन्हा शिवली. चल आता, ऊठ."

तो उठला. मला उठता येईना. माझे गुडघे धरले होते. शेवटी गोविंदानंच मला काखेत धरून ओढून बाहेर काढलं. तेवढ्यात कोटवाला नवरदेव दारात! त्याला वाटलं, म्हातारा गेला.

*

शांताक्काची भावजय डोक्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आया होती. शांताक्का म्हणाली, "तिथं एक डॉक्टरीणबाई आहेत. गोविंदाला दाखवू."

गोविंदा म्हणाला, "मी वेडा नाही."

मी म्हटलं, "मीही नाही. मी येतो बरोबर."

आत गेलो. बाई तरुण होत्या. माझा चेहरा जन्मजात असा त्रासलेला आहे, त्याला इलाज नाही. बाईंनी माझ्याकडे बघून शांताक्काला विचारलं, "यांना काय त्रास होतो?"

शांताक्का म्हणाली, "यांना काही होत नाही. यांचा आम्हाला होतो."

मग गोविंदानं हळूहळू सांगितलं. पट्टी, उपास, कोंडणं. आणि शेवटी म्हणाला, "पण बाई, मामानं मारलं म्हणून तर मला काम आलं."

बाई माझ्याकडे वळल्या. "अण्णा, तुम्ही कसे शिकलात?"

"वडिलांचं बघून."

"वडील मारायचे?"

"नाही. का मारतील?"

"मग तुम्हाला काम नीट येत नसेल."

माझं डोकंच फिरलं. मी उभा राहिलो. "राजाजीनगरात कुणालाही विचारा! माझ्यासारखा कोट कुणी काढून दाखवावा!"

बाई शांतपणे गोविंदाकडे वळल्या. "ऐकलंत?"

परत येताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत रडत होता. मी तिकिटं धरून बसलो. माझा राग अजून गेला नव्हता.

*

बाईंनी गोविंदाला गोळ्या स्वल्पच दिल्या. अभ्यास जास्त दिला. रोज कुणाला तरी एकदा 'नाही' म्हणायचं!

चार दिवस जमलं नाही. पाचव्या दिवशी एक साहेब आले. सफारी उद्याच पाहिजे. गोविंदा उभा राहिला आणि म्हणाला, "नाही होणार."

साहेब कापड घेऊन चालते झाले. नारायणप्पानं टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात मी एक कॉलर बघितली. "गोविंदा, ही उसव."

"नाही अण्णा. कॉलर बरोबर आहे."

मशिनी थांबल्या. मी टेप घेतली, मोजलं. पुन्हा मोजलं. कॉलर बरोबर होती.

दिवसभर मी त्याच्याशी बोललो नाही. संध्याकाळी त्याला समोरच्या हॉटेलात नेऊन बाय-टू कॉफी मागवली, एक कप दोघांत. तो म्हणाला, "अण्णा, रागावलात?" मी म्हणालो, "बाईंचं औषध स्वल्प जास्त झालंय." त्यानं मान हलवली, पण "चुकलं माझं" म्हणाला नाही. हे माझ्या ध्यानात राहिलं.

*

पण पोरीला हात नाही तो नाहीच. दर महिन्याला एक फ्रॉक मात्र शिवायचा. माप न घेता, नुसत्या नजरेनं! असं फिटिंग मलाही जमलं नसतं. कमल येऊन म्हणाली, "पाळण्याची दोरीसुद्धा ओढतो, अण्णा. दोरीला चालतं म्हणे! मला फ्रॉक नकोत. पोरीला बाप पाहिजे."

*

एकदा मामा आला. बसवनगुडीत कुणाचं लग्न होतं, म्हणून आलेला. वाळलेला, काठी टेकत. बसला आणि गोविंदानं शिवलेला कोट उलटा करून शिवण बघू लागला. "हे काम कुणाचं? माझ्या पट्टीचं!"

गोविंदा ताडकन उभा राहिला, हात बांधून.

मामानं पाणी मागितलं. शांताक्का जागची हलली नाही. "गोविंदा, तू सांग. द्यायचं काय यांना पाणी?"

मामा तिच्याकडे बघतच राहिला. गोविंदा म्हणाला, "द्या अक्का." मग मामाला म्हणाला, "पाणी प्या. पण मामा, मी तुमच्या पट्टीनं शिकलो नाही. बघून शिकलो."

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात एकटा गेला. मला विचारलंसुद्धा नाही. मला राग यायला पाहिजे होता.

*

शेवटचा किस्सा नारायणप्पा सगळ्यांत चांगला सांगतो, पण तो हातवारे करून सांगतो. मी आहे तसा लिहितो.

पोर दीड वर्षाची झाली. शनिवारी कमल तिला दुकानात आणायची. नारायणप्पानं तिला एक नाद लावून ठेवला होता. त्यानं हात वर केला की तिनं धावत जाऊन टाळी द्यायची.

त्या शनिवारी गिऱ्हाईक उभंच होतं. पांढरा रेशमी झब्बा, इस्त्री होऊन घडी घालून टेबलावर. पोरीनं टेबलावरचं कापड धरून ओढलं. झब्बा खाली आला आणि झब्ब्यावर माझी कॉफी!

"ए!" गोविंदा ओरडला. असा आवाज आम्ही त्याचा कधी ऐकला नव्हता. तो उठला आणि त्याचा उजवा हात वर गेला.

कमलनं तोंडावर पदर धरला. गोविंदा आपल्याच हाताकडे बघत होता. तो हात त्याला खाली आणता येईना.

पोरीनंही तो हात बघितला. खिदळत, धडपडत धावत आली आणि बापाच्या पायाशी टाचा उंचावून उभी राहिली. हात पोचेना. तिनं दोन्ही हात वर केले.

"घे!"

गोविंदानं उजवा हात तसाच वर ठेवला आणि डाव्या हातानं तिला उचललं.

तिनं टाळी दिली.

"अजून," म्हणाली.