पाडण्यासाठी उभं ठेवलेलं घर

माझ्या कुंपणाच्या अर्जासाठी मी पालघरच्या एका कचेरीत खेपा घालत होतो, तेव्हा तो तिथल्या बाकावर हमखास भेटायचा. तारापूरकडचा मच्छीमार, नाव मी कधी विचारलं नाही. बसण्याआधी तो मागची भिंत बोटाच्या पेराने ठोकून बघायचा, मगच पाठ टेकायचा. घरच्या भिंतींनी लावलेली सवय.

त्याचं मोडकळीला आलेलं घर किल्ल्यालगतच्या संरक्षित हद्दीत होतं आणि त्याला ते पाडायचं होतं. पाडायला परवानगी हवी, परवानगीला पाहणी हवी आणि पाहणीला घर उभं हवं. म्हणून त्याने भिंतींना होडीचे दोर आवळले, जुनी डोलकाठी टेकू म्हणून लावली. घरचे सगळे मात्र अंगणात झोपायचे.

शेवटी साहेब येऊन गेले. दोर आणि डोलकाठी त्यांना इथल्या बांधकामाची खास पद्धत वाटली. अशी वास्तू जपलीच पाहिजे, असा शेरा मारून त्यांनी अर्ज नामंजूर केला.

"आता काय करणार?" मी विचारलं.

त्याने नामंजुरीच्या कागदाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला.

"दोर सोडतो," तो म्हणाला. "परवानगी आमाला लागते. भिंतीला लागत नाय."