ठरावातली मांजरं

नाव नसलेला जीव या पृथ्वीच्या पाठीवर असूच शकत नाही, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते म्हणजे आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातले कंपाउंडरसाहेब. वाशीम भागातलं आमचं गाव तेव्हा फार मोठं नव्हतं. कापसाचं एक जिनिंग, एक धान्याचा बाजार, आणि एक म्युनिसिपल कमिटी, जिच्यात मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. आमचा मुलूख अजून मध्य प्रदेशात होता, आमचे कागद नागपूरला जात आणि बहुधा तिकडेच राहत. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा वाशीमहून येत. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे कंपाउंडरसाहेब. उंच, थोडे वाकलेले, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. आता इतक्या वर्षांनीही कुठल्या दवाखान्यात गेलो की माझी नजर आधी औषधाच्या खिडकीकडे जाते. तिथे कोणी तरी चपळ, हुशार मुलगा बसलेला असतो आणि मला उगीच त्याचा राग येतो.

साहेबांचा एक नियम होता. औषधाची बाटली नावाशिवाय खिडकीबाहेर पडायची नाही. बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी ते स्वतः कातरून चिकटवीत आणि तिच्यावर बोरूने रोग्याचं नाव लिहीत, इतकं सुवाच्य की लोक बाटली संपल्यावरही ती पट्टी सोडवून देव्हाऱ्यात ठेवीत. एकदा रिठदचा एक शेतकरी बायकोच्या तापाचं औषध न्यायला आला. नाव विचारल्यावर म्हणाला, "घरची." साहेब म्हणाले, "घरची हे नाव नाई बापा." आता भर दवाखान्यात बायकोचं नाव कोण घेणार? तो बिचारा दुपारपर्यंत कडुलिंबाखाली बसून राहिला, साहेब बाटली समोर ठेवून बसून राहिले आणि आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो. शेवटी त्याने खिडकीत डोकं घालून साहेबांच्या कानात ते सांगितलं. त्याचे कान लाल झाले होते. साहेबांनी नाव लिहिलं, वाळू दिलं आणि बाटली देताना म्हणाले, "नाव चांगलं आहे. घेत जा अधूनमधून." बारसं न झालेली तान्ही मुलं यायची तेव्हा तर पेचच. मग साहेब स्वतःच एखादं नाव लिहून टाकीत, आणि पुष्कळदा तेच पुढे टिकायचं. खोकल्याच्या औषधाच्या पट्टीवरून नाव मिळालेली दोन-तीन माणसं आज आमच्या गावात नातवंडं खेळवत आहेत.

आणि या माणसाला मांजरांचं मुळीच प्रेम नव्हतं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. मांजर नुसतं ओट्यावरून गेलं तरी साहेबांना शिंका सुरू होत. एक नाही, ओळीने सात-आठ, आणि मग डोळ्यांतून पाणी. पुढे जे झालं ते लोक आता सांगताना त्यांना मांजरांचे मोठे कैवारी वगैरे करून टाकतात. मी सगळं जवळून पाहिलं आहे.

झालं असं की आमच्या कमिटीचे अध्यक्ष धान्याचे मोठे व्यापारी होते. त्यांच्या तुरीच्या गोदामात एक मांजर व्याली. पोत्यामागे काय हलतं म्हणून अध्यक्षांनी हात घातला आणि तिने तो मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला. दवाखान्यात साहेबांनी जखम कार्बोलिकच्या साबणाने धुतली, आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे सांगून टाकलं, "अकोल्याले जाऊन पोटात चौदा सुया घ्या लागतीन." अध्यक्ष अकोल्याला गेले. परत आले तेव्हा चालताना पोटावर हात ठेवून चालत होते, आणि पुढच्याच बैठकीत त्यांनी ठराव मांडला की गावातली सगळी बेवारस मांजरं विष घालून मारावीत. ठराव लिहायचं काम माझं. 'मारावीत' हा शब्द कागदावर बरा दिसेना, म्हणून मीच सुचवलं, "बंदोबस्त करावा, असं लिहू का?" अध्यक्ष खूश झाले. मीही खूश झालो. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि चांगल्या शब्दाला चांगलं काम समजत होतो.

विषाच्या कपाटाची किल्ली कंपाउंडरसाहेबांकडे. डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी घेऊन मलाच पाठवलं. साहेबांनी चिठ्ठी वाचली, बोरू उचलला आणि विचारलं, "रोग्याचं नाव?"

"मांजरं," मी म्हणालो.

"ते नाव नाई. जात झाली."

"बेवारस मांजरं."

"असं कसं लिहू बापा? तेली गल्लीतली लंगडी का जिनिंगमधली पिवळी? डोस वजनावर असते. नावं आन, मंग देतो."

मी हात हलवत परत आलो आणि अध्यक्षांना जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत. विष त्यांनी दुसरीकडून मागवलं, आणि चार दिवसांनी सकाळी सफाई जमादाराने बाजारगल्लीत विष लावलेली सुकट टाकली. बाकीचं गाव पुढच्या बैठकीनंतर घ्यायचं होतं.

त्या गल्लीच्या तोंडाशी पिंजाऱ्याचं घर होतं. गाद्या-रजया भरून द्यायचा त्यांचा धंदा, आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर त्यांची पांढरी मांजर झोपायची, इतकी पांढरी की शेपूट हलली तरच कळावं. पिंजाऱ्याची बायको, जिला सगळं गाव चाची म्हणायचं, ती त्या मांजरीला दुलईच्या तुकड्यात गुंडाळून दवाखान्यात घेऊन आली आणि मुकाट्याने रांगेत उभी राहिली. कोणी तिला हसलं नाही. सगळे बाजूला झाले.

"साहेब, इले काही तरी द्या," चाची म्हणाली. "सकाळपासून तडफडून राह्यली."

साहेबांनी विचारलं, "नाव?"

"मोतिया."

त्यांनी रजिस्टर उघडून ते नाव लिहिलं, वय विचारलं तेही लिहिलं. मग खिडकीमागून बाहेर येऊन ते मोतियाजवळ जमिनीवर बसले, कोळशाची पूड पाण्यात कालवून चमच्याने तिच्या दातांतून घालत राहिले. सारखे शिंकत होते, डोळे वाहत होते. अर्ध्या तासाने मोतिया गेली. साहेब उठले आणि आजाराच्या रकान्यात 'विष' असं लिहिलं. मी दारात होतो. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "माह्याच तोंडानं झालं हे. सुया मीच सांगतल्या." माझ्या तोंडाशी काही तरी आलं होतं. ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद झाल्यावर साहेब रजिस्टर बगलेत मारून गावात निघाले. नाव, रंग, कोणाकडे जेवते, एवढे तीन प्रश्न. साहेब गल्लीत शिरले की आधी शिंका ऐकू येत, त्यावरूनच बायका ओळखत की कोणत्या घरी मांजर निघालं. जिथे परक्या पुरुषाला उंबऱ्याबाहेर थांबावं लागे तिथे चाची आत जायची. तिचं स्वतःचं मांजर आता नव्हतं, तरी मोमीनपुऱ्यातलं एकेक घर तिने पालथं घातलं. आत बायकांना काय सांगायची कोण जाणे, पण प्रत्येक घरातून एक नाव घेऊनच बाहेर यायची. तोवर कोणी आपल्या गल्लीतल्या मांजराला नाव ठेवण्याच्या भानगडीत पडलं नव्हतं. आता साहेब बोरू धरून उभे म्हटल्यावर लोकांना ठेवावंच लागे. दूध पिऊन पळणाऱ्या बोक्याला शिव्या देणारी गवळीण म्हणाली, "लिहा, राजा. मेला खाते माह्याच घरचं, मंग माहाच झाला न." दोन शेजारणी होत्या. सांडपाण्याच्या नालीवरून त्यांचं अनेक वर्षं बोलणं बंद होतं. दोघींनी एकच मांजर सांगितलं, एक म्हणे तिचं नाव चंपा, दुसरी म्हणे सोनी. साहेबांनी दोघींना नालीच्या दोन काठांवर उभं केलं आणि शांतपणे सांगितलं की दोन नावांचा एक रोगी आपल्या रजिस्टरात बसत नाही. अंधार पडेपर्यंत वाद चालला. शेवटी 'चंपासोनी' असं लिहिलं गेलं. नालीचा वाद मिटला नाही, पण त्या बोलायला लागल्या, भांडण्यापुरत्या का होईना.

पुढच्या बैठकीला कमिटीच्या व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. साहेबांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या चिठ्ठीत नावं नव्हती, थे आनली." अध्यक्ष मला म्हणाले, "वाच." मी उभा राहून वाचायला लागलो. एकेक नाव वाचलं की व्हरांड्यातून आवाज येई, "आमची." कधी बाईचा, कधी म्हाताऱ्याचा, कधी चार-पाच एकदम. आपण ज्याचा बंदोबस्त लिहिला ते काय होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. वाचत वाचत मी 'सेठाणी' या नावाशी आलो, पुढे लिहिलं होतं: धान्यबाजार, करडी, हमालांकडे जेवते.

"ही कोणती?" अध्यक्षांनी विचारलं.

मागून एक हमाल म्हणाला, "तुमाले ओरबाडली थेच, मालक."

अध्यक्षांनी आपल्या हाताकडे पाहिलं. वण अजून ताजा होता. "सेठाणी काहून?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यायवर गुरकावते. पण थे आल्यापासून पोत्याले उंदीर लागला नाई."

"आन् पिल्लं?"

"चार. पोत्यायवर खेळतेत आता."

अध्यक्षांनी बाही खाली ओढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही. गावात बेवारस मांजर आढळून आलं नाही. सबब ठराव रद्द." हे वाक्य मी जितक्या सुंदर अक्षरात लिहिलं तितक्या सुंदर अक्षरात नंतर कधीच काही लिहिलं नाही. चाची व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती. लोक हसत, बोलत पांगले, ती सगळ्यांच्या शेवटी गेली.

दोन महिन्यांनी साहेबांची मानोऱ्याला बदली झाली. त्यामागे कोणाचा हात होता का, ते मला माहीत नाही. कागद वरून आला एवढंच. निघायच्या दिवशी मी त्यांची ट्रंक मोटारीपर्यंत नेली आणि तिथे एकदाचं सांगून टाकलं, की 'बंदोबस्त' हा शब्द माझा होता.

"वळखलं होतं मी," साहेब म्हणाले. "अध्यक्षाले एवढी मऊ मराठी कुठं येते?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लहान हायेस. शिकशीन." मोटार सुटली. मी धुरळा बसेपर्यंत उभा होतो.

मानोरा काही लांब नव्हतं. तरी जाऊ जाऊ म्हणत तीन वर्षं गेली. मधे राज्य बदललं, माझं लग्न झालं. शेवटी एका थंडीत, काही काम नसताना, मी नुसता त्यांना भेटायला म्हणून मानोऱ्याला उतरलो. दवाखान्याच्या दारात एक शिपाई बाकावर ऊन खात बसला होता. त्याने सांगितलं की साहेब तर मागच्याच पावसाळ्यात गेले. ताप साधा होता, पण उतरला नाही. बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून माणसं आली होती, म्हणाला, इतकी की रस्ता भरून गेला होता. मला कुठे बघावं ते कळेना.

"तुमी त्यायचे कोन?" त्याने विचारलं.

मी विचार केला. भाऊ नाही, पुतण्या नाही, मित्र म्हणावं तर तेवढं वय नाही. "कोणी नाही," मी म्हणालो. "त्यांच्या आधीच्या गावचा."

शिपायाने बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाला, "बसा मंग. मले बी कोनाजवळ तरी बोलाचंच होतं त्यायच्याबद्दल."