व्हिएन्नाच्या छपराची खरी हकीकत

आमच्या ग्रुपने युरोप पाहिला, असं दुबईतल्या जुन्या मराठी मंडळींत अजून सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. आम्ही युरोपात जाऊन आलो, एवढंच. पाहायची खरी इच्छा आमच्यात एकाच बाईंना होती आणि त्यांना आम्ही हसून हसून गप्प केलं. त्यात पुढाकार माझा होता. इतकी वर्षं हे मी कुठे बोललो नाही. गेल्या हिवाळ्यात तीच थट्टा पुन्हा माझ्यासमोर झाली आणि माझं डोकं फिरलं. म्हणून आता लिहितो.

नव्वदच्या दशकात मी दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत परचेस मॅनेजर होतो. नळ, कमोड, बाथरूमच्या टाइल्स. बराचसा माल इटलीहून यायचा, त्यामुळे मला युरोपची फार माहिती आहे असा समज आमच्या ओळखीच्या सात-आठ कुटुंबांत पसरला होता आणि तो मी कधी खोडला नाही. दरवर्षी ईदच्या सुट्टीत आम्ही एखादं शहर करायचो. ‘करायचो’ हाच शब्द होता. रोम झालं, प्राग झालं, बुडापेस्ट राहिलंय. चंद्र दिसल्याशिवाय सुट्टी नक्की होत नसे, पासपोर्ट कंपन्यांच्या तिजोरीत असत, व्हिशासाठी अबू धाबीला खेटे घालावे लागत. ही सगळी धावपळ मी करायचो, म्हणून बसमधला माइकही माझ्याकडे आला.

सुरुवात रोमला झाली. आमची गाईड चांगली होती, पण तिचं इंग्रजी इटालियन वळणाचं आणि भरधाव. बायका कंटाळल्या, मुलं भांडायला लागली. तेव्हा मी तिचं बोलणं मराठीत सांगू लागलो. मला निम्मंच कळत होतं. उरलेलं मी घालायचो. ती दोन वाक्यं बोलली की माझी दहा व्हायची आणि ती बिचारी माझ्याकडे बघत राहायची. पुढच्या वर्षी प्रागला आम्ही गाईड घेतलाच नाही.

प्रागच्या जुन्या दगडी पुलावर उभा राहून मी जी गोष्ट सांगितली ती आमच्या गावाजवळच्या ओढ्यावरच्या पुलाची होती. पूल टिकत नव्हता, मग गवंड्याच्या सुनेला पुलाच्या पायात गाडलं, मग टिकला. नुसती नावं बदलली. दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. एक जण म्हणाली, “अगदी आपल्याकडच्यासारखंच हो.” या वाक्याची मला चटक लागली. पुढे प्रत्येक शहरात मी ते कुणाच्या तरी तोंडून वदवून घ्यायचो. हजारो मैल जायचं, परदेशी माणसांनी शेकडो वर्षं खपून उभं केलेलं काहीतरी समोर असायचं, आणि आम्ही त्यात आमच्या गावचा ओढा बघून खूश व्हायचो. आत कुणी जात नसे. बाहेर उभं राहून फोटो, एकाचा व्हिडिओ कॅमेरा सतत चालू, कॉफीची किंमत दिरहममध्ये आणि मग मोठ्याने रुपयांत करून हळहळ, आणि यल्ला, बसमध्ये चला.

व्हिएन्नाच्या सहलीला त्या बाई पहिल्यांदा आल्या. सांगलीच्या एका हायस्कुलात त्यांनी बरीच वर्षं इतिहास शिकवला होता. नवऱ्याला दुबईत काँट्रॅक्टिंगमध्ये नोकरी लागली म्हणून ती नोकरी सोडून त्या आल्या होत्या. नवऱ्याच्या व्हिशावर, हाताला काम नाही. पण शुक्रवारी सकाळी आमच्या मंडळाच्या मुलांचा वर्ग त्या घेत. मराठी आणि इतिहास. मुलं उत्तर इंग्रजीत देत, त्या पुढचा प्रश्न मराठीतच विचारत. त्यांची एक पद्धत होती. मुलाने काहीही सांगितलं की विचारायच्या, “हे तुला कोणी सांगितलं? आणि त्यांना कोणी सांगितलं?” मुलांना तो खेळच वाटायचा. माझी धाकटी मुलगी घरी आम्हाला तेच विचारून भंडावून सोडायची. त्या वर्गासाठी त्या आठवडाभर तयारी करत, नकाशे रंगवत. परक्या मुलखात स्वतःचं म्हणून त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

व्हिएन्नाच्या मधोमध सेंट स्टीफनचं मोठं चर्च आहे. त्याचा एक मनोरा आभाळात गेलेला आणि दुसरा अर्ध्यावर थांबलेला. छपरावर रंगीत कौलांची नागमोडी नक्षी. असं काही दिसलं की माझं काम सोपं व्हायचं. मी माझा खास आवाज लावला. दोन भाऊ होते, दोघांनी एकेक मनोरा घेतला, धाकट्याचा वर चालला हे थोरल्याला बघवेना, त्याने परांचीची दोरी सैल केली, धाकटा पडला. पुढे पश्चात्तापाने थोरल्याने आपला मनोरा अर्धा सोडला आणि उरलेलं आयुष्य छपराची कौलं बसवण्यात घालवलं. “सहाशे वर्षांपूर्वी त्या भावाच्या हाताने बसवलेली कौलं आहेत ही,” मी म्हणालो.

सगळे माना वर करून कौलांकडे बघत होते. तेव्हा त्या बाई अगदी हळू म्हणाल्या, “भाऊजी, एक सांगू का? मनोरा थांबला तो पैसे संपले म्हणून. आणि तशा बांधणीची रीतही मागे पडली होती. छप्पर तर गेल्या महायुद्धात जळलं. हे नवीन आहे, पन्नास वर्षांचंही नाही. माझ्या थोरल्या भावापेक्षा लहान आहे ते.”

यात उर्मट काय होतं? काहीच नव्हतं. त्यांना आनंद झाला होता. एवढं मोठं छप्पर जळतं आणि लोक उपाशी असताना ते पुन्हा तसंच्या तसं बांधतात, हे त्यांना सांगायचं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आमचे अध्यक्ष, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, जे एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि ज्यांनी आयुष्यात एकही म्युझियम आतून पाहिलं नव्हतं, ते म्हणाले, “मॅडम, आज सुट्टी आहे. वर्ग शुक्रवारी.” सगळे हसले. बाईंचे यजमानही हसले आणि म्हणाले, “अगं, साहेब सांगतायत ना, ऐक की.”

मी तिथे ‘असेलही’ म्हणू शकलो असतो. एक शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, “वहिनी, सगळं पुस्तकात नसतं. मला इथल्या म्हाताऱ्या माणसांनी तोंडाने सांगितलंय.”

मी व्हिएन्नात उतरल्यापासून इमिग्रेशनच्या माणसाखेरीज कुणाशीही बोललो नव्हतो.

आणि मग खरंच एका म्हाताऱ्या बाईशी बोलणं झालं. आमचं हॉटेल घरगुती होतं. मालकाची आई खाली चहाच्या खोलीत विणत बसलेली असायची. संध्याकाळी चहा घेताना काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला म्हटलं की तुमच्या चर्चचं ते प्राचीन छप्पर फार सुंदर आहे. तिने विणकाम खाली ठेवलं. मोडक्या इंग्रजीत म्हणाली की प्राचीन कसलं, मी त्याच्याहून मोठी आहे. जुनं जळताना तिने पाहिलं होतं, चौदा-पंधरा वर्षांची असताना, वडिलांचा हात धरून. मोठी घंटा कोसळली तेव्हा वडील रस्त्यातच खाली बसले, एवढं सांगून तिने सुया पुन्हा हातात घेतल्या.

म्हणजे मला त्याच दिवशी कळलं होतं. अजाणतेपणी चूक झाली, असा आडोसाही मला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मंडळींची थट्टा रंगात आली होती. “मॅडम, हा पाव किती सालचा?” “मॅडम, हे अंडं महायुद्धाच्या आधीचं की नंतरचं?” बाई हसण्यावारी नेत होत्या. नंतर हसेनाशा झाल्या आणि बसमध्ये शेवटच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसल्या. माइक माझ्या हातात होता. मी राजवाड्याबद्दल बोलायला लागलो. त्यात एक राणी आणि एक विहीर घातली.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. दुबईला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी एका मुलाने वर्गात दोन भावांची गोष्ट सांगितली. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, “Uncle told us in Vienna.” त्यांनी विचारलं, आणि काकांना कोणी सांगितलं? यापलीकडे त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, हे मला माझ्या मुलीनेच सांगितलं. पण तो मुलगा अध्यक्षांचा होता. घरी जाऊन त्याने तोच प्रश्न बापाला विचारला. झालं. बाई मुलांना मोठ्यांवर संशय घ्यायला शिकवतात, असं ठरलं. अध्यक्षांच्या घरी बैठक झाली. बाईंना बोलावलं नव्हतं. मुलांना गोष्टी आवडतात, वर्ग साहेबांनी, म्हणजे मी, घ्यावा, असं कुणीतरी म्हणालं. अध्यक्ष म्हणाले, “खलास, ठरलं.” सगळे माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत खरं काय ते माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मी म्हणालो, “बघतो, जमेल तसं.”

निरोप त्यांच्या यजमानांकरवी गेला. बाईंनी आपले रंगवलेले नकाशे एका पिशवीत घालून आमच्या दारावर आणून दिले आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, मुलांना उपयोग होईल. माझ्या बायकोने पिशवी घेतली आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवली. मी वर्ग वर्षभर चालवला. मुलं गोष्टी ऐकून हसत आणि प्रश्न विचारत नसत. मग गळती लागली आणि वर्ग बंद पडला. पुढे यजमानांचं काँट्रॅक्ट संपलं आणि ते दोघं सांगलीला गेले. विमानतळावर सोडायला आमच्यापैकी कुणी गेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी मुलाकडे दुबईत अल बर्शाला गेलो होतो. त्याने हौसेने आमची जुनी मंडळी जमवली. आता सगळ्यांचे गुडघे गेलेले, मुलं तिकडे स्थायिक. जेवणं झाल्यावर अध्यक्षांनी काढलंच. “ती मास्तरीण आठवते का? व्हिएन्नाचं छप्पर माझ्या भावापेक्षा लहान आहे म्हणे!” हसून हसून त्यांना ठसका लागला. मी म्हणालो, “ती बरोबर होती. गोष्ट मी रचलेली होती. मला तेव्हाच माहीत होतं.”

मला वाटलं होतं, निदान शांतता होईल. एक जण म्हणाला, “अरे, आम्हाला काय माहीत नव्हतं का, तू फेकायचास ते?” दुसरा म्हणाला, “फेकायचास, पण काय मस्त फेकायचास, हबीबी.” अध्यक्ष म्हणाले, “आता या वयात कशाला? मजा घालवू नकोस. ती विहिरीची राणी सांग.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. निदान शंका होती. तरी त्यांनी त्या बाईंना हसून घेतलं, त्यांचा वर्ग काढून घेतला आणि पंचवीस वर्षं ती थट्टा जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी वाटत राहिले. माझा अपराध मी मान्य करतो, पण या बेफिकिरीला काय म्हणावं ते मला कळत नाही. इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. मी उठून बाल्कनीत गेलो. माझी बायको मागून आली आणि म्हणाली, “यांना सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा.”

नंबर मिळवायला पंधरवडा लागला. यजमान गेल्याचं मला तेव्हाच कळलं. बाईंनी आवाज ओळखला. मी पाठ करून ठेवलेलं सगळं सांगितलं. गोष्ट खोटी होती, हॉटेलातल्या म्हातारीने मला त्याच संध्याकाळी खरं सांगितलं होतं, तरी मी गप्प बसलो, वर्ग घेतला. मी माफी मागितली.

“छपराचं मला काही वाटलं नव्हतं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “वर्गाचं वाटलं. ते आता राहू द्या. म्हातारीने पाहिलं होतं म्हणालात ना? स्वतः?”

“हो, स्वतः.”

“अजून काय काय सांगितलं तिने?”

मी घंटेचं सांगितलं, रस्त्यात बसलेल्या वडिलांचं सांगितलं. मग म्हणालो की हे सगळं मी आता लिहिणार आहे, बॉम्बहल्ल्यात छप्पर जळलं ते, आणि तुम्ही बरोबर होता ते.

“बॉम्बने नाही जळलं ते,” त्या लगेच म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. “लुटालूट चालली होती, शेजारच्या दुकानांना आग लावली होती. वाऱ्याने ठिणग्या छपरावर गेल्या. लाकडी होतं ना आतून. लिहिणार असाल तर तेवढं नीट लिहा. आणि तुम्हाला कोणी सांगितलं, तेही लिहा.”

तेव्हा लिहितो. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफनचं जुनं छप्पर महायुद्धाच्या अखेरीस शेजारच्या दुकानांच्या आगीतून उडालेल्या ठिणग्यांनी जळलं. आज दिसतं ते नंतर बांधलेलं आहे. दुसरा मनोरा पैशाअभावी आणि रीत बदलल्यामुळे अपुरा राहिला. तिथे भाऊ वगैरे कोणी नव्हते. हे मला सांगलीच्या इतिहासाच्या एका शिक्षिकेने सांगितलं.